हुमायून रोडचे सिनेगॉग आणि तरुण खांद्यांची परंपरा

नवी दिल्लीत हुमायून रोडवर, खान मार्केटपासून हाकेच्या अंतरावर, ज्यूडा हायम सिनेगॉग नावाची एक छोटी, साधी वास्तू आहे. १९५६ साली उभारलेले हे प्रार्थनागृह आणि त्याला लागून असलेली दफनभूमी मिळून राजधानीतील ज्यू समाजाचे केंद्र बनते. दिल्लीत कायमची राहणारी ज्यू कुटुंबे मोजकीच, दहाच्या आसपास आहेत. त्यांत मूळ कोकणातून आलेल्या, मराठी मायबोली असलेल्या बेने इस्रायल समाजाचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्याभोवती दूतावासांतील अधिकारी, गुरुग्राम व नोएडा येथील कंपन्यांत काही वर्षांसाठी आलेले परदेशी ज्यू, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेले तरुण आणि प्रवासी असे सतत बदलणारे एक वर्तुळ असते. या सिनेगॉगला पगारी रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन नेमणूक झालेला धर्मगुरू, नाही. शुक्रवारची सायंप्रार्थना, सणांचे विधी, विवाह, दफनविधी, वास्तूची देखभाल आणि येणाऱ्या पाहुण्यांची विचारपूस ही सारी कामे आपापली नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून माणसे विनावेतन करीत आली आहेत.

ही व्यवस्था दिल्लीतील अल्पसंख्येमुळे नाइलाजाने स्वीकारलेली तडजोड आहे, असा समज सहज होऊ शकतो. परंतु बेने इस्रायल समाजाचा इतिहास पाहिला असता तो समज टिकत नाही. कोकणातील खेड्यांपासून मुंबई, पुणे, कराची, अहमदाबाद आणि अखेरीस दिल्लीपर्यंत या समाजाची प्रत्येक संस्था धर्मगुरूंच्या वर्गाने नव्हे, तर सामान्य संसारी माणसांनी उभी केली, आणि त्यांतील अनेकांनी ही जबाबदारी ऐन विशी-तिशीत उचलली. तरुणांनी पुढे येऊन समाजाची कामे अंगावर घेणे ही या समाजातील अपवादात्मक घटना नाही. हा समाज टिकून राहण्याची ती मूळ रीत आहे.

कोकणातील घडण

बेने इस्रायल, म्हणजे 'इस्रायलची संतती', या नावाने ओळखला जाणारा समाज आपली परंपरा अलिबागजवळच्या नवगाव येथील जहाजफुटीपाशी नेऊन पोहोचवतो. त्या कथेप्रमाणे समुद्रातून वाचलेल्या काही स्त्रीपुरुषांची वंशवेल कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, खेड्यांत पसरली. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिन, पाळून त्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, राजपूरकर, झिराडकर ही गावांवरून पडलेली आडनावे त्यांच्या त्या वस्तीची साक्ष देतात. दीर्घकाळ इतर ज्यू समाजांशी संबंध न राहिल्याने त्यांच्यात ना रब्बी होते, ना हिब्रू ग्रंथ; सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम, काही उपवास आणि 'शेमा' ही एकेश्वरनिष्ठेची मूलभूत प्रार्थना एवढ्यावर त्यांचा धर्म टिकून होता.

परंपरा पुढे असे सांगते की डेव्हिड रहाबी नावाच्या एका ज्यू प्रवाशाने या लोकांची ओळख पटवली, त्यांना धर्माचे शिक्षण दिले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना तयार करून त्यांच्यावर धर्मकार्याची जबाबदारी सोपवली. या तिघांना आणि त्यांच्या वारसांना 'काजी' म्हणत. ते गावोगाव फिरून विवाह व सुंतेचे विधी करीत आणि समाजातील तंटे मिटवीत. रहाबी कोण आणि कोणत्या शतकातला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र या कथेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, ती अशी की बाहेरून आलेला गुरू स्वतः पीठाधीश होऊन बसला नाही, त्याने स्थानिक माणसे शिकवून तयार केली आणि काम त्यांच्या हाती दिले. समाजाच्या स्मृतीने आपल्या धर्मजीवनाचा आरंभच अशा रीतीने जपून ठेवला आहे.

सिनेगॉग उभी राहू लागल्यावर त्यांच्याभोवती कारभाराची एक ठरावीक घडी बसली. मंडळीचा प्रमुख तो मुकादम, त्याला सल्ला देणारे ते चौगले, जमाखर्च पाहणारा तो गबाई, प्रार्थना चालवणारा तो हजान आणि वास्तूची झाडलोट, दिवाबत्ती व निरोपानिरोपी करणारा तो शमाश. यांतील मुकादम आणि चौगले ही नावे गावगाड्यातली, गबाई, हजान आणि शमाश ही हिब्रू परंपरेतली, आणि काजी हे नाव मुसलमानी राजवटीतल्या न्यायव्यवस्थेतले. अशा तीन प्रवाहांतून आलेल्या पदांवर गावातला तेली, सुतार, शेतकरी किंवा शिपाई काम करी. हजान पुष्कळदा कोचीनच्या ज्यूंपैकी असत, कारण हिब्रू पठण प्रारंभी त्यांनाच येत असे. पण निर्णय आणि पैसा यांचा कारभार मंडळीच्याच हाती राहिला.

मुंबईतील विशीतले संस्थापक

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील नोकरीमुळे बेने इस्रायल मोठ्या संख्येने मुंबईत आले. त्यांच्यापैकी सॅम्युअल इझेकियल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी, हे कंपनीच्या सैन्यातील अधिकारी टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत कैद झाले आणि सुटका झाल्यानंतर त्यांनी १७९६ साली मांडवी भागात बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. 'शार हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार, असे त्याचे नाव. समाजाच्या बोलीत ती 'जुनी मशीद', कारण बेने इस्रायल आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत आले. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव मिळाले.

सिनेगॉगनंतरची गरज शाळेची होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळांतून बेने इस्रायल मुलांना मराठी, इंग्रजी आणि हिब्रू शिकायला मिळाले; त्या मिशनऱ्यांपैकी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, परंतु त्या शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीने ते ज्ञान स्वतःच्या धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावले, आणि या वळणावरच तरुणांच्या नेतृत्वाचा ठसठशीत अध्याय सुरू होतो.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा. १८५३ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी काही सहकाऱ्यांसह समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक परोपकारी मंडळ स्थापन केले. केहिमकर सरकारी नोकर होते. दिवसभर कचेरीत काम करून उरलेल्या वेळात त्यांनी वर्गणी गोळा केली, पालकांची मने वळवली आणि लंडनमधील ज्यू संस्थांशी पत्रव्यवहार केला. मंडळाच्या स्थापनेपासून समाजाची स्वतःची शाळा प्रत्यक्ष उभी राहण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. १८७५ साली सुरू झालेली ही इस्रायली शाळा पुढे माझगावात सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही चालू आहे. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. १८९७ मध्ये सिद्ध झालेले त्यांचे इंग्रजी हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. बेने इस्रायलांविषयी आज जे काही लिहिले जाते त्याचा पाया या कारकुनाच्या चिकाटीवर उभा आहे.

त्यांचे समकालीन जोसेफ इझेकियल राजपूरकर यांची वाटचालही अशीच आहे. १८३४ साली जन्मलेले राजपूरकर १८५६ साली मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिक्षक झाले, आणि १८६१ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तिचे मुख्याध्यापक झाले. पुढील चार दशकांच्या सेवेत त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे एकामागून एक केली. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. ज्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी प्रार्थनेची पोथी उपलब्ध नव्हती, त्याच्या हाती आता मूळ हिब्रू आणि शेजारी मराठी अर्थ असलेली पुस्तके आली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या 'हगादा' ग्रंथात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मुक्तिकथेच्या पोथीत, बेखमीर भाकरी भाजणाऱ्या स्त्रिया नऊवारीत दाखवल्या आहेत. धर्म आत्मसात करण्याचे काम ही पिढी किती सहजपणे करीत होती हे त्या एका चित्रावरून कळते.

याच काळात वृत्तपत्रे निघाली. १८७७ चे 'सत्यप्रकाश' हे त्यांतले आरंभीचे. १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदू कीर्तनपरंपरेचा घाट घेऊन बायबलमधील आख्याने मराठी पद्यांतून सांगण्याची प्रथा सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, साक्या, दिंड्या आणि अभंग यांच्या आधाराने मोझेस, योसेफ आणि एलियाहू यांच्या कथा समाजाच्या घरोघरी पोहोचल्या. हिब्रू न येणाऱ्या स्त्रीपुरुषांपर्यंत धर्म नेण्याचा हा प्रयत्नही कोणत्याही पीठाच्या आज्ञेने नव्हे, तर हौसेने आणि स्वयंप्रेरणेने झाला.

स्त्रिया आणि परिषदा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात समाजातील सार्वजनिक जीवनाला राजकीय जागृतीची जोड मिळाली. १९१३ साली मुंबईत बेने इस्रायल स्त्रियांचे स्त्रीमंडळ स्थापन झाले, आणि १९१७ च्या सुमारास समाजाच्या दोन अखिल भारतीय स्वरूपाच्या संघटना उभ्या राहिल्या. एक होती बेने इस्रायल परिषद. दुसरी होती अखिल भारतीय इस्रायली लीग, जिच्यामागे बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर यांच्यासारखी तरुण मंडळी होती. १९१६ च्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना यांच्यासह जे वकील उभे होते त्यांत एरुलकर होते. समाजसुधारणा, शिक्षण, राष्ट्रीय चळवळीशी नाते आणि पॅलेस्टाइनमधील ज्यू राष्ट्रवादाकडे पाहण्याची दृष्टी अशा प्रश्नांवर या दोन संघटनांत वाद झाले आणि १९२० च्या दशकात दोन्हींचा जोर ओसरला. तरीही मुंबई, पुणे, अहमदाबाद, कराची येथे विखुरलेल्या मंडळींना एकत्र आणून ठराव करणे, निधी जमवणे आणि मतभेद छापून मांडणे यांचे शिक्षण एका संपूर्ण पिढीला त्यांतून मिळाले.

या पिढीतील रिबेका रूबेन यांचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. १८८९ साली जन्मलेल्या रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या, आणि मुलीने हे स्थान मिळवण्याची ती पहिली वेळ होती. वयाच्या तिशीच्या आत त्यांनी समाजाच्या वार्षिक ग्रंथाचे संपादन हाती घेतले, ज्यात लोकसंख्या, संस्था, विद्यार्थी आणि समाजापुढील प्रश्न यांची शिस्तशीर नोंद असे. १९२२ पासून १९५० पर्यंत त्या इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉक्टर जेरुशा झिराड यांनी वैद्यकीय क्षेत्रात आणि समाजकार्यात असेच स्थान मिळवले, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. सिनेगॉगच्या कारभारात स्त्रियांना पद नव्हते. परंतु शाळा, मंडळ आणि नियतकालिक यांच्या द्वारे त्यांनी नेतृत्वाची स्वतंत्र वाट तयार केली, आणि दिल्लीत पुढे जे घडले त्याची पूर्वतयारी या वाटेवर झाली होती.

बदलीच्या गावातील मंडळी

लष्करानंतर रेल्वे, टपाल, जकात आणि सचिवालये ही बेने इस्रायलांच्या नोकरीची ठिकाणे बनली, आणि या नोकऱ्यांनी समाजाला कोकण-मुंबईबाहेर नेले. जिथे बदली होई तिथे चार घरे जमली की प्रार्थनेची सोय करायची, आणि संख्या वाढली की सिनेगॉग बांधायचे, असा क्रम पडून गेला. कराचीत नगरपालिकेच्या नोकरीत असलेल्या सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांच्या पुढाकाराने १८९३ साली 'मागेन शालोम' उभे राहिले. अहमदाबादेत १९३४ साली 'मागेन अब्राहाम' झाले. दिल्लीचा क्रमांक त्यानंतर लागला, कारण १९११ साली राजधानी हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नवी दिल्लीचे उद्घाटन झाले तेव्हापासूनच मुंबई इलाख्यातील शिकलेल्या कारकुनांना आणि अधिकाऱ्यांना तिथे मोठ्या प्रमाणावर काम मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून आलेले निर्वासित आणि दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांतील ज्यू सैनिक यांचीही त्यात भर पडली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत नवी दिल्लीत ज्यू कल्याण संघटना आकाराला आली आणि १९५६ साली ज्यूडा हायम यांच्या नावाने प्रार्थनागृह उभे राहिले. या संस्थेच्या कारभारात केंद्र सरकारच्या सेवेतील माणसांचा वाटा मोठा होता. एज्रा कोलेट हे वरिष्ठ सनदी अधिकारी, ज्यांचे नाव सिनेगॉगच्या ग्रंथालयाला दिलेले आहे, आणि जोशुआ बेंजामिन हे केंद्र सरकारचे मुख्य वास्तुरचनाकार, ही त्यांतील ठळक नावे होत. १९८० पासून मानद सचिव म्हणून चार दशकांहून अधिक काळ ज्यांनी हे काम वाहिले ते इझेकियल आयझॅक मालेकर हे पेशाने वकील. त्यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात नोकरी केली आणि त्याच वेळी शुक्रवारची प्रार्थना चालवणे, विवाह लावणे, अंत्यविधी करणे आणि राजघाटावरील सर्वधर्मप्रार्थनेत हिब्रू प्रार्थना म्हणणे ही कामे विनामूल्य केली. रब्बी म्हणून त्यांची रीतसर नेमणूक झालेली नाही. काजींपासून चालत आलेल्या परंपरेतले, शिकून तयार झालेले ते एक सेवक आहेत.

बदलीच्या गावाचा आणखी एक परिणाम झाला, तो म्हणजे जुन्या भिंती पडल्या. मुंबईत इराक आणि आसपासच्या प्रदेशांतून आलेले बगदादी ज्यू बेने इस्रायलांच्या धर्मशुद्धतेविषयी शंका घेत, आणि १८३६ साली तेथील दफनभूमीत दोहोंमध्ये भिंत घालावी असा अर्ज काही बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे केला होता. रंगूनमध्ये सिनेगॉगच्या कारभारात मताचा अधिकार मिळवण्यासाठी बेने इस्रायलांना न्यायालयात जावे लागले आणि १९३५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. दिल्लीत असा भेद परवडणारा नव्हता आणि तो रुजलाही नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धातील कामगिरीसाठी प्रसिद्ध असलेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब हे कोलकात्याच्या बगदादी घराण्यातले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन हुमायून रोडवरील याच भूमीत झाले, जिथे कोकणी आडनावांची माणसेही विसावली आहेत.

दहा जणांची मोजणी

ज्यू धर्मात काही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाहीत. तोराचे, म्हणजे मोझेसच्या पंचग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीचे, सार्वजनिक वाचन आणि मृतांसाठी म्हणावयाची 'कद्दीश' ही प्रार्थना यांसाठी किमान दहा प्रौढांची उपस्थिती लागते, आणि या गणसंख्येला 'मिन्यान' म्हणतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मुलगा तेराव्या वर्षी प्रौढ होतो. त्या वर्षीच्या 'बार मित्स्वा' संस्कारानंतर त्याची गणना सत्तर वर्षांच्या ज्येष्ठाइतकीच पूर्ण धरली जाते. मोठ्या शहरातील भरलेल्या सिनेगॉगमध्ये या नियमाचे महत्त्व जाणवत नाही, पण जिथे सारी मंडळी पन्नासाच्या आत आहे तिथे एक किशोर आला की नाही यावर कुणाची तरी कद्दीश म्हटली जाईल की नाही हे ठरते. तरुणांची जबाबदारी येथे उपदेशाचा विषय राहत नाही. तिला धर्मविधीतच जागा आहे.

सनातनी परंपरेत मिन्यानमध्ये केवळ पुरुष मोजले जातात आणि स्त्रिया वेगळ्या बसतात. दिल्लीच्या मंडळीने हा नियम बदलला: येथे स्त्रियांची गणना मिन्यानमध्ये होते आणि स्त्रीपुरुष एकत्र बसतात. जगातील उदारमतवादी ज्यू पंथांत ही प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. दिल्लीत मात्र ती एखाद्या पंथाच्या ठरावाने आली नाही, आपल्या परिस्थितीचा आणि न्यायबुद्धीचा विचार करून मंडळीने ती स्वतःहून स्वीकारली. तिचा व्यावहारिक परिणाम असा की मुलींना धर्मकार्यात प्रेक्षकाची नव्हे, तर घटकाची जागा मिळाली. समाजातील तरुण स्त्रियांनी १९१३ साली सिनेगॉगबाहेर मंडळ स्थापून जे मिळवले ते दिल्लीत सिनेगॉगच्या आत मान्य झाले, आणि भारतीय ज्यू इतिहासातील हा टप्पा आजवर लाभला त्याहून मोठ्या अभ्यासाचा अधिकारी आहे.

स्वयंसेवेचे प्रत्यक्ष स्वरूप किती बारीक कामांनी बनलेले असते, हे एका शब्बाथच्या तयारीवरून दिसते. बेने इस्रायल घरांत 'किद्दूश'साठी, म्हणजे शब्बाथचे स्वागत करणाऱ्या आशीर्वादासाठी, द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत वापरण्याची रीत आहे. मनुका स्वच्छ धुऊन पाण्यात भिजत घालायच्या, फुगल्यावर हाताने कुस्करायच्या, रस गाळून घ्यायचा आणि सूर्यास्तापूर्वी पेल्यात भरून ठेवायचा, एवढी ती कृती. परंतु सूर्यास्तानंतर काम वर्ज्य असल्याने ती वेळेत व्हावी लागते. त्याच वेळेत प्रार्थनेची पुस्तके मांडणे, दिवे लावणे, आज कोणता परिच्छेद वाचायचा आहे ते पाहणे, नव्याने आलेल्या पाहुण्याला डोक्यावर घालायची टोपी देणे आणि दहांची मोजणी पूर्ण होते की नाही याकडे लक्ष ठेवणे ही कामे असतात. एलियाहू हनाबी, म्हणजे पैगंबर एलिया, यांच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीतही असेच आहे: भिजवलेले पोहे, खोवलेले ओले खोबरे, साखर, वेलची आणि वर मांडलेली फळे यांचे ते ताट कोकणच्या घराघरांतून शिकलेल्या हातांनीच सजते. वडीलधाऱ्यांच्या शेजारी उभे राहून ही कामे करणारी मुलेच पुढे समाजाचे कार्यकर्ते होतात. केहिमकरांच्या शाळेइतकेच हे शिक्षण मोलाचे आहे.

स्थलांतर आणि नवी पिढी

इस्रायलच्या स्थापनेनंतर भारतातील ज्यूंची संख्या झपाट्याने घटली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती २० हजारांच्या वर होती. १९७० च्या दशकात ती सुमारे ५ ते ६ हजारांवर आली. जाणाऱ्यांत तरुण कुटुंबे अधिक होती, आणि त्यामुळे मागे राहिलेल्या मंडळींत कार्यकर्त्यांचा तुटवडा निर्माण झाला. गेलेल्या तरुणांनी तिकडेही हीच रीत चालवली: १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत बेने इस्रायलांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली तेव्हा त्यांनी संघटित होऊन आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्रायली संसदेने व सरकारने त्यांच्या समान दर्जाची बाजू उचलून धरली. बीरशेबा, दिमोना, अशदोद, लोद येथे वसलेल्या या समाजाने 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही चालवले.

भारतात राहिलेल्यांसाठी मुंबई आणि ठाणे येथे युवकसंघटना, शिबिरे आणि हिब्रूचे वर्ग यांची सोय झाली. १९६० च्या दशकापासून जॉइंट ही आंतरराष्ट्रीय ज्यू मदतसंस्था आणि व्यवसायशिक्षण देणारी ऑर्ट ही संस्था यांनी त्यास हातभार लावला. दिल्लीची परिस्थिती निराळी आहे. १९९२ साली भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यानंतर येथे दूतावास आला आणि परदेशी ज्यूंची ये-जा वाढली. त्याबरोबर ईशान्येकडील मिझोराम व मणिपूरमधून आलेले, स्वतःला प्राचीन मनश्शे वंशाचे मानणारे बेने मनाशे तरुणही या वर्तुळात आले. मराठी, इंग्रजी, हिंदी, हिब्रू आणि मिझो बोलणारी माणसे एका छोट्या प्रार्थनागृहात एकत्र येतात तेव्हा त्यांना बांधून ठेवण्याचे काम अनेक भाषांत आणि अनेक रीतींत वावरू शकणारी तरुण पिढीच करू शकते. सिनेगॉगला जोडलेले ग्रंथालय आणि आंतरधर्मीय अभ्यासाचे केंद्र, शाळांमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्यू धर्माची ओळख करून देणे, आणि राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य दर्जा मिळावा ही मागणी सरकारपुढे मांडणे, ही कामेही याच पिढीकडे येणार आहेत. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्य दर्जा दिला. केंद्राच्या सूचीत मात्र ज्यूंचा समावेश नाही.

परंपरेची कसोटी

या सगळ्या इतिहासातून मानद सेवेच्या व्यवस्थेचे बळ दिसते, तसा तिच्यातील धोकाही दिसतो. जिथे पद पगाराचे नसते तिथे ते निष्ठावंत माणसाकडे दशकानुदशके राहते. त्या माणसाची सेवा जितकी निर्व्याज, तितके त्याच्यानंतर काय हा प्रश्न विचारणे कठीण होते. परिषद आणि लीग यांची शक्ती काही वर्षांतच ओसरली, कारण त्या मोजक्या व्यक्तींच्या उत्साहावर उभ्या होत्या. इस्रायली शाळा टिकली, कारण केहिमकरांनी तिला मंडळ, नियम, निधी आणि नोंदवही दिली. राजपूरकरांचे काम टिकले, कारण ते छापील पुस्तकांच्या रूपाने पुढच्या पिढीच्या हाती पडले. व्यक्तीची सेवा संस्थेत रूपांतरित झाली तरच ती पिढ्यान्‌पिढ्या पुरते, हा या दोन शतकांचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

दिल्लीच्या मंडळीसाठी त्याचा अर्थ असा की तेराव्या वर्षी ज्याची किंवा जिची मिन्यानमध्ये मोजणी होते, त्या व्यक्तीला विसाव्या वर्षी पठण, पंचविसाव्या वर्षी जमाखर्च आणि तिशीत सचिवपद मिळेल अशी पायरीपायरीची वाट जाणीवपूर्वक आखली गेली पाहिजे. दफनभूमीच्या नोंदी, ग्रंथालयाची सूची आणि विधींची टिपणे एकापेक्षा अधिक हातांना ठाऊक असली पाहिजेत. आणि दोन वर्षांसाठी नोएडाला आलेल्या तरुणालाही त्या दोन वर्षांपुरते खरे काम सोपवले गेले पाहिजे. काजींना शिकवणाऱ्याने हेच केले होते आणि केहिमकरांनी तेविसाव्या वर्षी याचीच सुरुवात केली होती. संख्येने लहान असल्यामुळे एखादा समाज संपतो असे इतिहास सांगत नाही; ज्या दिवशी तो आपल्या तरुणांवर जबाबदारी टाकायचे थांबवतो त्या दिवसापासून त्याची उतरण सुरू होते, आणि बेने इस्रायलांनी आजवर तो दिवस येऊ दिलेला नाही.